रेघ आधी, करवत नंतर : जपानी सुतारांची आखणीची हत्यारे

१८७९ साली जपानमधल्या नारा शहरात तोदाइजी मंदिराच्या दक्षिण महाद्वाराची दुरुस्ती चालू होती. बाराव्या शतकाच्या अगदी शेवटी उभे राहिलेले हे लाकडी द्वार जवळपास २५ मीटर उंच आहे. वरच्या एका तुळईवर कारागिरांना एक जुनी लाकडी वस्तू सापडली. तिच्या एका टोकाला खोलगट वाटी होती आणि दुसऱ्या टोकाला दोरा गुंडाळायची फिरकी. शाईत भिजलेल्या दोऱ्याने लांब, सरळ रेघ उठवायचे हे हत्यार. जपानी सुतार त्याला सुमित्सुबो म्हणतात. कुणी एक सुतार काम आटोपून खाली उतरला आणि ते वरच राहून गेले. आज ते तोक्योच्या कला विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्याहूनही जुना नमुना नारामध्येच, शोसोइन या शाही भांडारात जपलेला आहे. आठव्या शतकातल्या त्या छोट्या सुमित्सुबोवर चांदीच्या रंगाने नक्षी चितारलेली आहे.

करवत, पटाशी आणि रंधा यांच्या बरोबरीचा मान जपानमध्ये आखणीच्या हत्यारांना मिळत आला आहे. क्योतोच्या कोर्युजी मंदिरात २ जानेवारीला सुतारांचा वर्षारंभाचा विधी होतो. जुन्या धाटणीचा पोशाख केलेले सुतार लाकडावर माप धरतात, गुण्या लावतात, शाईची रेघ उठवतात आणि मग वाकस चालवण्याची पाळी येते. कामाच्या ठिकाणीही क्रम हाच असतो. पारंपरिक घरबांधणीत आखणी हे सहसा तोर्योचे, म्हणजे मुख्य मिस्त्रीचे काम. बाकीचे सुतार त्याच्या रेघांप्रमाणे कापतात आणि कोरतात. शेकडो खांब, तुळया आणि वासे जमिनीवर, सुटे सुटे तयार होतात आणि मग एकत्र उभे केले जातात. बहुतेक वेळा जोड आधी लावून पाहिलेला नसतो. तो बसणार की नाही, हे ज्या दिवशी रेघ मारली त्याच दिवशी ठरलेले असते.

रेघेचे पुढे काय होणार?

१९४३ साली तोक्योतल्या एका पाहणीत घरबांधणीच्या सुताराला लागणारी हत्यारे मोजली गेली, तेव्हा आकडा १७९ भरला. एवढ्या पसाऱ्यातून आखणीसाठी काय निवडायचे, हा नवशिक्याला पडणारा पहिला प्रश्न. जपानी कारागिरांची निवड एका साध्या विचारावर चालते. आज मारलेल्या रेघेचे पुढे काय होणार, हे ते आधी पाहतात.

रेघ शेवटच्या रंध्याखाली निघून जाणार असेल, तर शाई चालते. जोडाच्या पोटात कायमची झाकली जाणार असेल, तरी शाईच चांगली, कारण ती ठळक दिसते आणि पुसली जात नाही. रेघेच्या कडेनेच करवत जाणार असेल आणि ती कडा तयार वस्तूत डोळ्यांसमोर राहणार असेल, तर सुरीची रेघ हवी. तासून तयार झालेल्या पृष्ठभागावर तात्पुरती खूण करायची असेल, तर शाई आणि सुरी दोन्ही बाजूला ठेवून खडूच्या भुकटीचा दोरा वापरतात; त्याची खूण फडक्याने झटकली की जाते. देवळाचा सुतार आणि दिवाणखान्यातले कपाट करणारा सुतार यांच्या पेट्या वेगळ्या का असतात, ते यावरून कळते. पहिल्याच्या पेटीत शाईचा दोरा आणि बांबूची लेखणी, दुसऱ्याच्या पेटीत सुरी आणि कडेला समांतर रेघ मारणारे खतकस.

शाईचा दोरा

सुमित्सुबोची रचना सोपी आहे. वाटीत रेशमाचा किंवा कापसाचा बोळा असतो आणि तो काळ्या शाईने भिजवलेला असतो. फिरकीवरून सुटलेला दोरा या बोळ्यातून जातो आणि समोरच्या छोट्या भोकातून बाहेर येतो. दोऱ्याच्या टोकाला कारुको नावाचा लाकडी खुंट असतो आणि त्याला सुई बसवलेली असते. सुई एका खुणेवर टोचायची, पात्र हातात धरून दुसऱ्या खुणेपर्यंत जायचे, दोरा ताणून अंगठ्याने दाबायचा आणि दुसऱ्या हाताने चिमटीत उचलून सोडायचा. लाकडावर केसासारखी बारीक काळी रेघ उमटते.

यात चुकायला दोन जागा आहेत. पहिली दोरा उचलण्याची. तो पृष्ठभागाला काटकोनात, सरळ वर उचलावा लागतो. हात किंचित जरी बाजूला झुकला तरी दोरा तिरका आदळतो, आणि दोन्ही टोके अचूक असूनही मधली रेघ वाकडी उठते. लाकूड गोल किंवा खडबडीत असेल, तर ही चूक आणखी वाढते. दुसरी जागा शाईच्या प्रमाणाची. बोळा फार ओला असेल तर दोरा सुटताना शिंतोडे उडतात आणि रेघ जाड होते. कोरडा असेल तर ती मध्येच तुटते. लांब तुळईवर अनुभवी सुतार दोरा मध्यावर बोटाने दाबून धरतात आणि दोन्ही अर्ध्या भागांवर वेगवेगळी रेघ उठवतात. उघड्यावर वारा असेल तर ही युक्ती फार उपयोगी पडते.

केयाकी नावाच्या लाकडातून कोरलेले जुने सुमित्सुबो संग्राहक हौसेने घेतात. त्यांच्यावर कासव, करकोचा अशा दीर्घायुष्याच्या प्रतीकांचे कोरीवकाम असते. निइगाता प्रांतातले सान्जो हे हत्यारांसाठी नावाजलेले गाव अशा कोरीव सुमित्सुबोंसाठीही ओळखले जाई. आता बांधकामावर दिसतात ते बहुतेक प्लॅस्टिकचे, दोरा आपोआप आत ओढून घेणारे सुमित्सुबो. नवशिक्याने तेच घ्यावेत. रेघेची गुणवत्ता दोऱ्यावर आणि शाईवर ठरते, त्यामुळे घेताना दोरा किती बारीक आहे, तो अडखळत तर नाही ना आणि सुई पक्की आहे का, एवढे पाहिले की पुरते.

शाई म्हणजे सुमी. काजळी आणि जनावरांच्या चामड्या-हाडांपासून केलेला सरस यांचे हे मिश्रण. काजळी हा जवळजवळ शुद्ध कार्बन असल्याने ही शाई उन्हाने विटत नाही. म्हणूनच जुन्या देवळांची दुरुस्ती करताना जोड उघडले की आत शेकडो वर्षांपूर्वीच्या सुतारांच्या रेघा आणि अक्षरे दिसतात. होर्युजी मंदिराचे सुप्रसिद्ध सुतार निशिओका त्सुनेकाझु (१९०८–१९९५) यांच्यासारख्यांनी प्राचीन बांधणीची पद्धत समजून घेतली ती अशाच सुट्या केलेल्या लाकडांवरून.

वाकड्या लाकडाची सरळ मध्यरेषा

शाईच्या दोऱ्याची खरी ताकद वाकड्या लाकडावर दिसते. जुन्या जपानी घरांच्या छपराखाली पाइनच्या नैसर्गिक बाकाच्या तुळया असतात. त्यांना सरळ कडाच नसते, मग गुण्या कशाला टेकवणार? अशा वेळी सुतार तुळई ठोकळ्यांवर ठेवतो, ओळंब्याने दोन्ही टोकांच्या तोंडांवर उभी मध्यरेषा काढतो आणि त्या दोन रेषांची टोके जोडणारी रेघ दोऱ्याने वरून आणि खालून उठवतो. आता तुळई बाहेरून कितीही वेडीवाकडी असो, तिच्या पोटातून एक सपाट उभी पातळी गेलेली आहे. प्रत्येक जोडाचे माप त्या मध्यरेषेपासून डावीकडे-उजवीकडे घेतले जाते. खांबांच्या बाबतीतही हाच नियम आहे. लाकूड वाळताना आकसते, कडा सरकतात, पण दोन्ही बाजू सारख्या आकसल्या तर मध्य जागेवर राहतो. म्हणून घराची सगळी मापे खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरतात.

बांबूची लेखणी

सुमित्सुबोच्या जोडीला असते सुमिसाशी. सुतार ही बांबूची लेखणी परंपरेने स्वतःच करतो. बांबूची साधारण वीतभर लांब, बोटभर रुंद पट्टी पाण्यात भिजवायची. एक टोक आतल्या बाजूने तासून पातळ करायचे आणि पातळ पात्याच्या सुरीने त्या टोकाला जवळजवळ, समांतर चिरा द्यायच्या. टोक तिरके छाटले की त्याला अनेक बारीक दाते आलेले असतात आणि दात्यांमधल्या फटींत शाई धरून राहते. हे टोक गुण्याच्या कडेने ओढले की बारीक, एकसारखी रेघ मिळते. दुसरे टोक हातोडीने ठेचून कुंचल्यासारखे करतात. त्याने अक्षरे आणि खुणा लिहितात. दाते झिजले की टोक पुन्हा छाटायचे आणि चिरा खोल करायच्या.

अक्षरे लागतात ती प्रत्येक लाकडाला पत्ता देण्यासाठी. घराच्या नकाशावर आडव्या-उभ्या ओळींची जाळी आखतात. एका दिशेला जपानी वर्णक्रमातली इ, रो, हा, नि ही अक्षरे आणि दुसऱ्या दिशेला एक, दोन, तीन हे आकडे. ‘रो-तीन’ असे लिहिलेला खांब कुठे उभा राहणार, हे त्या जाळीवरून लगेच कळते. या पत्त्याला बान्झुके म्हणतात. रेघांनाही खुणा असतात. ही मध्यरेषा, ही कापायची रेघ, ही रेघ चुकली आहे तेव्हा ती धरू नये, हे सांगणाऱ्या चिन्हांची एक छोटी भाषाच सुतारांमध्ये रूढ आहे. शाई खोडता येत नाही, त्यामुळे चुकलेल्या रेघेवर चिन्ह करून शेजारी बरोबर रेघ मारतात. कापणारा हात दुसऱ्याचा असला तरी त्याला विचारावे लागत नाही.

कापताना रेघेचे काय करायचे, याचाही संकेत ठरलेला असतो. शाईच्या रेघेला जाडी असते. कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, कापणाऱ्याने आणि खाच कोरणाऱ्याने दोघांनीही पूर्ण रेघ ठेवली, तर जोड जातच नाही; दोघांनीही पूर्ण रेघ काढून टाकली, तर तो ढिला होतो. म्हणून कुठे रेघ राखायची, कुठे काढायची आणि कुठे करवत बरोबर रेघेच्या मधून नेऊन अर्धी रेघ शिल्लक ठेवायची, हे आधी ठरवून सगळ्यांनी तसेच पाळायचे असते. मऊ लाकडाचा जोड जरा घट्ट चालतो, कारण तो ठोकताना दबतो. कठीण लाकडात तेवढी सूट नसते.

साशिगाने : एका पट्टीतले गणित

जपानी सुताराचा गुण्या म्हणजे साशिगाने. काटकोनात जोडलेल्या दोन पातळ पोलादी भुजा. सर्वांत प्रचलित आकारात लांब भुजा ५० सेंमी आणि आखूड भुजा २५ सेंमीची, रुंदी १५ मिमी. आपल्याकडच्या गुण्याला जाड दांडा असतो, तसा याला नसतो. हा पातळ आणि लवचीक असतो. सपाट फळीवर आखूड भुजा कडेवरून खाली सोडून लांब भुजा बोटांनी हलकेच दाबली की तो बसतो. गोल ओंडक्यावर तो थोडा वाकूनही धरता येतो. भुजेचा मधला भाग किंचित खोलगट आणि कडा उचललेल्या असतात, त्यामुळे शाई पट्टीखाली शोषली जाऊन डाग पडत नाही.

१५ मिमी रुंदीचा उपयोग पाहण्यासारखा आहे. आजच्या जपानी घरात १०५ मिमी चौरस खांब सर्रास असतो आणि त्याच्या कुसूची जाडी बहुधा ३० मिमी. सुतार साशिगानेची एक कड मध्यरेषेवर ठेवतो आणि दुसऱ्या कडेने रेघ मारतो. मग पट्टी मध्यरेषेच्या पलीकडे ठेवून तेच करतो. दोन्ही बाजूंना १५ मिमी, म्हणजे बरोबर ३० मिमीचा कुसू आखला गेला आणि एकदाही आकडा वाचावा लागला नाही. आकडा वाचला नाही, तर तो चुकीचा वाचण्याचा प्रश्नच येत नाही.

फळीचे समान भाग करायलाही भागाकार लागत नाही. समजा, ८३ मिमी रुंद फळीचे पाच भाग करायचे आहेत. पट्टी तिरकी धरायची, अशी की शून्य एका कडेवर येईल आणि १०० चा आकडा दुसऱ्या कडेवर. मग २०, ४०, ६० आणि ८० वर टिंबे द्यायची. त्या टिंबांमधून कडेला समांतर रेघा काढल्या की पाच सारखे भाग तयार.

पट्टी उलटी केली की मागच्या बाजूला वेगळीच मापे दिसतात. काकुमे नावाच्या मापपट्टीवर प्रत्येक एकक समोरच्या एककाच्या वर्गमूळ दोन पट, म्हणजे सुमारे १.४१४ पट मोठे असते. ओंडक्याच्या तोंडावर व्यास या पट्टीने मोजला की येणारा आकडा त्या ओंडक्यातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या चौरस खांबाची बाजू असतो. व्यास ३० सेंमी असेल, तर पट्टी २१.२ दाखवते. मारुमे नावाच्या दुसऱ्या मापपट्टीवर एकक पाय या गुणोत्तराने लहान केलेले असते. तिच्याने व्यास मोजला की थेट परीघ मिळतो.

छपराच्या कामात काकुमेचा कस लागतो. जपानमध्ये छपराचा उतार दहाला किती, असा सांगतात. दहाला चार असा उतार असेल, तर लांब भुजेवर १० आणि आखूड भुजेवर ४ हे आकडे वाशाच्या कडेवर धरले की वाशाचे टोक कोणत्या कोनात कापायचे ती रेघ मिळते. पण छपराच्या कोपऱ्यातला वासा कर्णाच्या दिशेने जातो. त्याचे आडवे अंतर वर्गमूळ दोन पट होते, चढ मात्र तेवढाच राहतो. गणित करायचे तर १० ऐवजी १४.१४ घ्यावे लागेल. सुतार फक्त लांब भुजेवर मागच्या पट्टीतले १० धरतो, आखूड भुजेवर समोरच्या पट्टीतले ४ धरतो आणि कोपऱ्याच्या वाशाचा उतार आखून मोकळा होतो.

या भूमितीला किकुजुत्सु म्हणतात. देवळांच्या वळणदार छपरांमधून ती पिढ्यान्‌पिढ्या विकसित झाली. एकोणिसाव्या शतकात हेइनोउची मासाओमी या सुतार घराण्यातल्या गणितज्ञाने तिला तत्कालीन जपानी गणिताची बैठक दिली. त्याचा यावरचा ग्रंथ १८४८ चा आहे.

साशिगानेला एक राजकीय इतिहासही आहे. जपानी शाकु हे माप मेइजी काळातल्या कायद्याने १०/३३ मीटर, म्हणजे सुमारे ३०.३ सेंमी असे ठरवले गेले. त्याचा दहावा भाग सुन आणि सुनचा दहावा भाग बु, सुमारे ३.०३ मिमी. १९५९ पासून व्यवहारात मीटर सक्तीचे झाले आणि शाकुची मापे असलेले गुण्ये विकणे बेकायदा ठरले. देवळे, घरे, दारे-खिडक्या यांची सगळी प्रमाणे शाकुत बसवलेली असल्याने कारागिरांची मोठी अडचण झाली. १९७० च्या दशकात एइ रोकुसुके यांनी त्यांची बाजू जाहीरपणे लावून धरली. परदेशात ‘सुकियाकी’ नावाने गाजलेल्या जपानी गाण्याचे हे गीतकार आणि लोकप्रिय निवेदक. अखेर सरकारने वाट काढली. पट्टीवर एका सुनाच्या जागी १/३३ मीटर असे लिहिले की ती कायद्यात बसू लागली. महाराष्ट्रातल्या सुतारांना ही ओढ परकी वाटणार नाही. मेट्रिक पद्धत येऊन कित्येक दशके झाली, तरी आपल्याकडे प्लायवूड तासताना ‘दोन सूत कमी कर’ असेच सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिमी, जपानी बुच्या अगदी जवळचे माप.

गुण्या विकत घेताना एकच चाचणी पुरे. सरळ कडेच्या फळीवर तो टेकवून रेघ मारायची, मग उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा रेघ मारायची. दोन रेघा एकमेकींवर बसल्या तर काटकोन खरा. फाकल्या तर दिसणारी फट ही चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे बारीक दोषही डोळ्याला दिसतो.

सुरीची रेघ

पेट्या, कपाटे, सरकती दारे यांसारख्या बारीक कामात शाईची जाडी परवडत नाही. तिथे शिराबिकी किंवा किरिदाशी वापरतात. या सुऱ्यांच्या पात्याला एकाच बाजूने उतार असतो, दुसरी बाजू सपाट. सपाट बाजू गुण्याला चिकटून जाते, त्यामुळे रेघ नेमकी गुण्याच्या कडेवर पडते. पेन्सिलीची रेघ लाकडावर बसते, सुरीची रेघ लाकडाचे तंतू कापते. पुढे करवत चालली की तंतू उसवत नाहीत आणि जोडाची कड स्वच्छ निघते. पटाशीची धारही त्या चिरेत आपोआप जाऊन बसते. एका बाजूच्या उतारामुळे सुरी घेताना आपण उजवे की डावे हे सांगावे लागते. किरिदाशी दोन्ही प्रकारांत मिळते.

कुसूचा खांदा आखताना हे हत्यार कसे चालते ते पाहू. आधी लाकडाच्या दोन लगतच्या बाजू रंध्याने सपाट आणि काटकोनात करून त्यांवर खूण करायची. गुण्या यापुढे फक्त याच दोन बाजूंवर टेकवायचा. पहिल्या बाजूवर सुरी अगदी हलकी फिरवायची, कारण पहिल्याच फटक्यात जोर दिला तर पाते लाकडाच्या रेषेमागे पळते. दुसऱ्या फेरीत थोडा जोर. मग कोपऱ्यावरच्या चिरेत सुरीचे टोक टेकवायचे, गुण्या सरकवत पात्याला भिडवायचा आणि पुढच्या बाजूवर रेघ न्यायची. अशी चारही बाजूंनी फिरून रेघ सुरुवातीच्या टोकाला येऊन मिळाली, तर आखणी बरोबर आहे. केसभरही अंतर राहिले, तर गुण्या, बाजू किंवा हात यांपैकी काहीतरी चुकले आहे आणि ते करवत उचलण्यापूर्वीच कळले आहे. जिथे जोड येणार नाही, तिथे मात्र सुरी थांबवावी. ही चीर शाईसारखी वरवर तासून जात नाही, तयार वस्तूवर ती व्रणासारखी राहते.

कडेला समांतर रेघांसाठी केबिकी, म्हणजे जपानी खतकस. पांढऱ्या ओकच्या ठोकळ्यातून दांडी आरपार जाते आणि दांडीच्या टोकाला छोटे पाते असते. टोकदार खिळ्याचे खतकस आडव्या रेषेवर लाकूड ओरबाडते, पात्याचे केबिकी मात्र कापते. पाते किंचित तिरके बसवलेले असले, की ओढताना ठोकळा आपोआप लाकडाच्या कडेकडे खेचला जातो. खाच आणि कुसूच्या दोन्ही रेघा एकदम मारण्यासाठी दोन दांड्यांचे केबिकी मिळते. खाचेच्या रुंदीला पट्टीने मोजू नये. ज्या पटाशीने खाच कोरायची तिच्याच रुंदीला दोन्ही पाती लावावीत. पातळ फळी चिरण्यासाठी आणखी एक दणकट प्रकार असतो. दोन्ही बाजूंनी खोल रेघ मारली की फळी त्या रेघेवर दुभंगते.

केबिकी निवडताना दांडी ठोकळ्यात डुलत नाही ना, हे आधी पाहावे. ठोकळ्याचा आतला पृष्ठभाग सपाट असावा आणि पाचर किंवा स्क्रू आवळताना माप सरकू नये. पाते नवीन असले तरी धार लावून घ्यावी लागते.

कमीत कमी किती?

घरी हौसेने लाकूडकाम करणाऱ्याला सुरुवातीला तीन हत्यारे पुरतात. मिलिमीटरमधला एक साशिगाने, एक किरिदाशी आणि एका पात्याचे केबिकी. लांब फळ्या किंवा तुळया हाताळायच्या असतील तरच सुमित्सुबो घ्यावा. जपानी सुतार शाई वापरतात ती मुख्यतः हिनोकी आणि सुगी यांसारख्या फिकट, मऊ लाकडावर. शिसवीसारख्या गडद लाकडावर काळी रेघ हरवते. तिथे सुरीची चीर जास्त कामाची. उजेड बाजूने, तिरका पडेल असा दिवा ठेवला की चिरेची सावली स्पष्ट दिसते.

चौथे साधन विकत घ्यावे लागत नाही. शाकुझुए, म्हणजे मापकाठी. घराचे काम सुरू करण्यापूर्वी तोर्यो एका लांब काठीवर जमिनीपासून छपरापर्यंतच्या सगळ्या उंच्या एकदाच खुणावतो. उंबरा, खिडकी, कडीपाट, तुळई, सगळे त्यात येते. पुढे प्रत्येक खांबाला ती काठी लावून खुणा उतरवल्या जातात. वीस खांब वीसदा टेपने मोजले तर वीसदा चुकायला वाव असतो. काठीवर चूक झालीच, तर ती सगळ्या खांबांत सारखी होते आणि निदान छप्पर तरी समतल राहते. पुस्तकांच्या कपाटासाठी साध्या लाकडी पट्टीवर फळ्यांच्या जागा खुणावून हीच पद्धत कुणालाही वापरता येते.

जपानमध्येही आज बहुतेक लाकडी घरांचे जोड कारखान्यात संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर कापले जातात आणि हाताने आखणी शिकण्याची संधी कमी झाली आहे. ती टिकून आहे ती मुख्यतः देवळांच्या आणि जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत. लाकडी वास्तू जतन करण्याच्या जपानी कौशल्यांना युनेस्कोने २०२० मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. निशिओकांचे शिष्य ओगावा मित्सुओ यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या इकारुगा कोशा या संस्थेत तरुण मुले गुरूजवळ राहून देवळांचे सुतारकाम शिकत आली आहेत. कोबेच्या ताकेनाका सुतारी हत्यार संग्रहालयात जुने सुमित्सुबो आणि साशिगाने जवळून पाहता येतात. १९८४ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय २०१४ पासून शिन-कोबे स्थानकाजवळच्या नव्या इमारतीत आहे.

हात बसवायचा असेल तर एक छोटा सराव उपयोगी पडतो. हातभर लांबीचा चौरस तुकडा घ्यावा, दोन बाजू काटकोनात करून खुणवाव्यात आणि त्याच्या एका टोकाला सुरीने आणि दुसऱ्या टोकाला टोकदार पेन्सिलीने कुसूचा खांदा आखावा. चारही बाजूंनी रेघ मिळते का ते पाहावे. मग ओढून कापणाऱ्या जपानी करवतीने दोन्ही टोके रेघेच्या टाकाऊ बाजूने कापावीत आणि दोन्ही खांद्यांवर गुण्या टेकवून तुकडा उजेडासमोर धरावा. सुरीच्या टोकाला गुण्याखालून उजेड कमी दिसेल आणि कडेचे तंतूही उसवलेले नसतील.